शंकासुर, घड्याळवाला आणि भैरोबाचा कौल

मागच्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात एक तरुण प्राध्यापक माझ्या कादंबऱ्यांवर बोलले. बोलले चांगलं, पण शेवटी म्हणाले की लेखिकेवर आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाचा जो पगडा दिसतो तो इथल्या मातीतला नाही, वरून आणून चिकटवलेला आहे. मी पहिल्याच रांगेत बसले होते. वय झालं की लोक तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतात आणि तुम्हाला डुलकी लागली असणार असं धरून चालतात. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "अहो, वरून म्हणजे नेमकं कुठून? माझ्याकडे ते सगळे तत्त्वज्ञ सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीतून आले, अंगावर हळदीची धूळ घेऊन." ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता, म्हणून हे लिहिते आहे. त्या साहेब लोकांची खरी नावं मी इथे मुद्दामच देणार नाही. ती कुठल्याही ग्रंथात सापडतील. आमच्या घरात ती कुणाच्या जिभेवर बसत नव्हती, तेव्हा त्यांना आम्ही ठेवलेली नावं पडली, आणि मला ते आजही त्याच नावांनी आठवतात.

आमचं गाव कोरेगावच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातलं. घरटी एक माणूस पलटणीत. माझे वडील, आबा, सुभेदार होऊन परत आले होते आणि शेतातल्या सऱ्याही त्यांना परेडसारख्या सरळ लागत. मी बारावी झाल्यावर त्यांनी मला सांगलीला मावशीकडे ठेवलं. मुलीनं शिकावं हे त्यांचं मत पलटणीत तयार झालेलं होतं. तिकडे कुणा साहेबाची मुलगी डॉक्टर झालेली त्यांनी पाहिली होती, एवढाच त्याचा उगम. मावशीच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, हळदीची अडत होती आणि घर अडतीच्या मागेच. घरातली प्रत्येक वस्तू पिवळी. वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी काढायला जावं तर त्यावर फिकट पिवळी झाक आलेली असायची. शेजारी हळद पॉलिश करायचा ढोल दिवसभर गडगडत असे, त्यामुळे आम्ही सगळे जरा ओरडूनच बोलायचो. अजूनही फोनवर बोलताना माझा आवाज चढतो आणि नातवंडं म्हणतात, आजी, भांडतेयस का? जेवायला भाकरी, गावाकडून आलेल्या वाघ्या घेवड्याची आमटी, आणि दुपारी चार वाजता कढईभर भडंग. मावशी लसूण ठेचून तेलात टाकायची, तो वास गडगडाटावर मात करून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि हमाल, गुमास्ते, काका सगळे आपोआप मागच्या दाराशी जमायचे.

तत्त्वज्ञान हा विषय मी काही ज्ञानाच्या तहानेनं घेतला नाही. सकाळी मावशीला भाकऱ्या थापायला मदत करून कॉलेजात पोहोचेपर्यंत अर्थशास्त्राचा तास संपलेला असायचा, आणि त्यानंतर जो लागायचा तो तत्त्वज्ञानाचा. वर्गात आम्ही तिघी. शिकवायला शेंडे सर, लूनावरून यायचे, पॅन्टला सायकलच्या क्लिपा लावून. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "घरी जा आणि अशी एक गोष्ट शोधून आणा की जिच्यावर शंका घेताच येणार नाही. एका फ्रेंच माणसानं शेकोटीपाशी बसून हा उद्योग केला आणि त्यातून अख्खा आधुनिक विचार निघाला." मी घरी येऊन शेगडीपाशी बसले. भाकरीवर शंका घेतली, तव्यावर घेतली, ढोलाच्या आवाजावर घेतली. मावशी कणगीतून ज्वारी काढत होती. तिनं विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आमटीवर घे की शंका. मीठ पडलंय का न्हाई ते सांग आदी." मीठ पडलं नव्हतं. तेव्हापासून त्या फ्रेंच माणसाचं नाव आमच्याकडे शंकासुर. पण त्या रात्री अंथरुणावर मला कळलं की मी हे सगळं नाकारत असताना नाकारणारी मी मात्र शिल्लक राहते आहे. कुणाची मुलगी, कुणाची भाची, कुणाच्या वळणावर गेलेली अशी नाही, नुसती मी. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे बाईला असं कुणी सांगत नाही.

मग एकेक जण येत गेले आणि जेवणाच्या पंगतीत बसत गेले. एक स्कॉटलंडचा जाडा गृहस्थ होता, त्याचं म्हणणं, सूर्य आजवर रोज उगवला म्हणून उद्या उगवेलच याला पुरावा नाही, ती नुसती मनाला लागलेली सवय. हा काकांना फार आवडला. घास तसाच हातात धरून म्हणाले, "ह्यो मानूस बाजारात बसलेला हाय बरं का. काल भाव चढला म्हनून उद्या चढंल असं धरनाराचं दिवाळं निघतंय. मी शंबरदा सांगितलंय, कोन ऐकतंय!" पुढे कित्येक वर्षं माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना ते तो दाखला देत, नाव न घेता, "आमचा एक इलायतेतला म्हनतो" असं सांगून. दुसरा होता जर्मन, रोज ठरल्या वेळी फिरायला निघणारा, गावातले लोक त्याच्यावरून घड्याळं लावत. तो घड्याळवाला. सुट्टीत गावी गेले तेव्हा त्याची गोष्ट मी आबांना सांगितली, कारण कर्तव्य म्हणजे काय यावर त्याच्याइतकं कुणी ठासून बोललं नाही. आबा खुशीत आले. म्हणाले, "ह्यो पलटणीतला दिसतोय." मी म्हटलं, नाही आबा, तो गाव सोडून कधी गेला नाही. आणि त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या हुकमानं केलं ते कर्तव्यच नव्हे, आपला कायदा आपण आपल्याला घालून द्यायचा आणि मग तो मोडायचा नाही. आबांनी बराच वेळ विडीला काडी लावली नाही. "आपला हुकूम आपनच द्यायचा?" त्यांनी विचारलं. "आन् आपनच सलाम ठोकायचा? मग मदी सुभेदार कशाला ठेवलाय?" हसत म्हणाले, पण तो प्रश्न त्यांच्या मनात राहिला असणार. मला तेव्हा ते कळलं नाही.

घोटाळा केला तो चौथ्यानं. तोही जर्मन, ओठ झाकून टाकणाऱ्या मिशांचा. त्यानं लिहिलं होतं की देव मेला आहे आणि आपणच त्याला मारला आहे. सरांनी तासभर समजावून सांगितलं की हे आनंदानं केलेलं विधान नाही, एवढं मोठं छप्पर उडाल्यावर माणूस कुणाच्या आधारानं उभा राहणार, अशी त्यात धास्ती आहे. मी हे रात्रीच्या जेवणात जसंच्या तसं सांगितलं. मावशी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "देव मेला म्हनतो, मग सुतक कुनी धरलं?" काकांना ठसका लागला. मावशीचं चालूच, "तेरावं कुटं घातलं? पावनं कोन आलतं?" आम्ही पोट धरधरून हसलो. पंगतीत माझा चुलतभाऊ संपत बसला होता. गावाकडून हळदीची पोती घेऊन तो त्याच दिवशी अडतीवर आला होता. तोही हसला. आमटी परत मागून घेतली, सकाळच्या गाडीनं गावी गेला, आणि माझ्या थोरल्या चुलत्यांना, तात्यांना, सांगितलं की सुली, म्हणजे मी, सांगलीत देव मेल्याचं सांगत फिरते आणि सगळं घर खिदळतं. सुतकाचा विनोद मावशीचा होता हे सांगायचं त्याच्या सोयीनं राहून गेलं.

तात्या घरातले कर्ते. शेत एकत्र, चूल एकत्र, आणि आबा सुभेदार असले तरी थोरल्या भावापुढे मान वर करत नसत. मला बोलावणं आलं. पोहोचले तेव्हा ओट्यावर तात्या बसले होते, म्हणाले, "देव मेलाय म्हनं. मग ठीक हाय. त्येलाच इचारू." आमच्याकडे काही अडलं, विहीर कुठे खणायची, बैल घ्यायचा का, मुलगी कुठे द्यायची, की भैरोबाला कौल लावतात. देवाच्या छातीवर उजव्या-डाव्या बाजूला एकेक ओली कळी गंधानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. तात्यांनी ठरवलं होतं, औंदा हात पिवळे करून टाकावेत का पुढे शिकू द्यावं, हे भैरोबानं सांगावं. स्थळही बघून ठेवलं होतं, जमीनदार, मुलगा ट्रॅक्टरवर. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सगळं आयुष्य त्या दोन कळ्यांवर येऊन बसलं आणि मी सोडून घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं दिसेना. आबा म्हणाले, "देवाचा हुकूम हुईल तसं करू." आई चुलीपुढे बसून पातेली पालथी घालत होती आणि परत सरळ करत होती.

सकाळी सगळे देवळात गेलो. सखाराम गुरवानं देवाला अंघोळ घातली, शेंदूर लावला, कळ्या लावल्या. उजवीला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला, पण तो नेहमीच सावकाश असायचा. तात्यांनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा भैरोबा, ह्या पोरीचं औंदा लगीन करावं असं तुज्या मनात असंल तर उजवी दे. शिकू द्यावं असंल तर डावी दे." समईची वात तडतडत होती. बाहेर कुणाचं तरी शेळीचं पिल्लू ओरडत होतं. मी त्या डाव्या कळीकडे बघत होते आणि मला माझीच भयंकर चीड आली, कारण मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, पड, पड गं बाई. शंकासुराबरोबर रात्रभर जागलेली मी, घड्याळवाल्याचा हुकमाचा अर्थ आबांना सांगणारी मी, एका ओल्या कळीपुढे पदर पसरून उभी होते. तेवढ्यात ती पडली. डावी. सरळ देवाच्या पायाशी.

आईनं मोठा श्वास सोडला. गुरव म्हणाला, "डावी दिली देवानं." तात्यांचा चेहरा पडला, पण माणूस शब्दाचा पक्का. "ठीक हाय," ते म्हणाले. "देवानं परवानगी दिली. पाया पड, आन् जा सांगलीला." इथे माझ्या जागी शहाणी मुलगी असती तर वाकली असती, अंगारा लावून घेतला असता आणि संध्याकाळच्या गाडीत बसली असती. मी वाकले नाही. मी म्हटलं, "तात्या, मला परवानगी नको. उजवी पडली असती तरी मी गेलीच असते."

तात्या म्हणाले, "मग कौल लावला कशाला?" मी म्हटलं, "तुमी लावला. मी न्हाई लावला. आज डावी पडली म्हणून गेले तर उद्या उजवी पडली म्हणून परत यावं लागंल. मग दर वरसाला तुमी मला हितं उभी कराल." तात्या गुरवाकडे वळले. "दुसऱ्यांदा लाव रं." गुरवानं हात जोडले, एवढे घाईघाईनं की मला तेव्हाही जरा नवल वाटलं. "न्हाई तात्या, एका गोष्टीला दोनदा कौल घेत न्हाईत, देव कोपतोय." आणि मग आबा बोलले. ते तोवर तात्यांच्या देखत माझ्याशी मोठ्यानं बोललेले नव्हते. "सुले, हुकूम मानत न्हाईस म्हनतीस, आन् हुकमाचा फायदा घेऊन गाडीत बसनार? असं चालत न्हाई. हुकूम मानायचा तर पाया पड आन् जा. मानायचा नसंल तर जाऊ नगस."

आजवर माझ्या विचारांवर टीका करणारे पुष्कळ भेटले, पदव्यांचे डोंगर पाठीवर असलेले. पण त्या सकाळी सुभेदारांनी मला जसं कोपऱ्यात गाठलं तसं कुणी गाठलेलं नाही. बोलणं बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं, "मग मी फायदा घेत न्हाई, आबा. तुमचं पैसं नको, देवाचा कौल नको. मी माझी चालली," आणि देवळाच्या पायऱ्या उतरले. पायात चपलाही गडबडीत दुसऱ्याच कुणाच्या घातल्या गेल्या, दोन्ही सैल. मागून कुणीतरी हाक मारली, मी वळले नाही. लोक म्हणतात, तेव्हा तू पोरगी होतीस, अविचारानं केलंस. नाही. पुरता विचार करून केलं. आजही त्याच पायऱ्यांवर उभी केलीत तर तशीच उतरीन, गुडघे कुरकुरतील एवढंच. वाकून घेतलेलं शिक्षण मला नको होतं. तात्या त्यानंतर मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत आणि मीही कधी देऊ केलं नाही. आबा वर्षभर बोलले नाहीत. मग एकदा अडतीवर आले, ओट्यावर बसले आणि काकांना म्हणाले की त्या घड्याळवाल्यानं आपल्या पोरीला लढाईत टाकलं, पण पोरगी मोर्चा सोडून पळाली नाही. मी आत भडंग परतत होते, ढोल बंद होता, म्हणून ऐकू आलं.

पण त्या दिवशी रस्त्यावर मी एकटी होते. हातात काही नव्हतं, तिकिटापुरते पैसेही नव्हते. कोरेगावपर्यंत चालत जायचं आणि तिथे कंडक्टरला काय सांगायचं ते वाटेत ठरवायचं, असा बेत. उन्हं चढली होती. उसाच्या गाड्यांनी रस्ता खणून ठेवलेला. फाट्याजवळच्या बाभळीखाली पोहोचते तोच मागून धापा ऐकू आल्या. आई. डोक्यावर पदर नाही, हातात माझी पिशवी, आणि तोंड असं लाल की मला वाटलं ही आता मला फरफटत परत नेणार.

तिनं पिशवी माझ्या अंगावर टाकली. "कळलं का तुला काय केलंस ते?" ती म्हणाली. "अगं, पाया पडायचं हुतं नुस्तं. डोकं टेकायचं आन् उटायचं. एवडं पन जमलं न्हाई?"

मी म्हटलं, "नाही जमलं. मला त्या कळीच्या मेहरबानीवर नाही जायचं."

"कळीच्या मेहरबानीवर!" आईनं कपाळावर हात मारून घेतला. मग मागे पाहिलं, रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "कळी तुजी आपसूक पडली व्हय गं? परवा सांजच्याला गुरवाच्या घरी जाऊन बसले म्या. घेवडा दिला, हाता-पाया पडले त्येच्या बायकूच्या. उजवीला गंध लय घट लाव म्हनलं, आन् डावीला पान्यावरच टिकीव. त्यो न्हाई न्हाईच म्हनत हुता. म्हनला, पाप हाय. म्या म्हनलं, पाप लागलं तर मला लागू दे, माज्या नावावर घाल."

माझी ही आई, जी भैरोबाला दाखवल्याशिवाय पहिलं कणीसही तोंडात घालत नसे, जी रविवारी अनवाणी देवळात जात असे. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. रातभर डोळा लागला न्हाई." ती पिशवीचा बंद उगाच घट्ट करत राहिली. "पन तुज्यासारखं तोंडावर बोलाय मला कवाच जमलं न्हाई, सुले. माजं लगीन लावलं तवाबी असाच कौल लावलाता. उजवी पडली. म्या सातवीत हुते, पयला नंबर हुता. म्हनून ह्या खेपंला म्या देवाचाच हात धरला. तुला तोंडावर जमलं. मला लय राग आला तुजा, अजून हाय. पन आता निघालीस तर मागं फिरू नगस. परत आलीस तर मीच घरात घ्यायची न्हाई."

सातवीत तिचा पहिला नंबर होता हे मला त्या बाभळीखाली कळलं. माझ्या शिक्षणाची एवढी चर्चा त्या घरात झाली, तिच्या शिक्षणाची कुणी एकदाही काढली नव्हती. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. कोरेगावकडे जाणारी गाडी धूळ उडवत वळणावर दिसली. आईनं हात केला. गाडी थांबेपर्यंत तिनं कमरेच्या पिशवीतून घामट नोटा काढून माझ्या मुठीत कोंबल्या आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "चपला संपतच्या घातल्यात गं येडे."

"तू आता घरी जाऊन काय करणार?" मी दारातून विचारलं. कंडक्टर घाई करत होता.

"काय करायचं? पुरन घालायचं. निवद दाखवाय नगो त्येला? कौल दिलाय."

"आई, कौल त्यानं कुठं दिला? तू दिलास."

गाडी हलली. माझी आई रस्त्याच्या मधोमध उभी होती, पदर अजून खांद्यावरच, आणि तिनं ढोलाच्या गडगडाटातही ऐकू गेलं असतं एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "मग निवदबी मीच खाते! बस खाली!"